पहिली रहस्यकादंबरी लिहून झाली, आता कापाकापी कुठून सुरू करू?

दुपारची_पाळी
नमस्कार मंडळी. इथे आजवर नुसती वाचक होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. कादंबरीचा पहिला खर्डा हातात आहे, शब्द लाखाच्या पुढे गेलेत. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये उभ्याने मोबाईलवर आणि घरी लॅपटॉपवर अशी तुकड्यातुकड्यांत लिहिली, त्यामुळे नायिका एका प्रकरणात सावंत आणि पुढच्यात सामंत झाली आहे. असलं सगळं मी निस्तरीन. प्रश्न त्यापुढचा आहे.

कथा थोडक्यात: जमीन गेल्याच्या मोबदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे व्यवहार जमवणारा एक दलाल २८ जून २०२४ च्या रात्री ऐरोलीत मारला जातो. खुनी रात्री साडेबाराला प्रेत खाडीत टाकतो, म्हणजे पाण्याबरोबर ते समुद्रात जावं. पण १ जुलैच्या सकाळी ते विटाव्याकडे तिवरांत सापडतं. तपास ऐरोलीच्या बाजूच्या पीएसआय मृणाल सावंतकडे. खुनी म्हणजे निबंधक कार्यालयाबाहेर बसणारा टायपिंगवाला. शेवटी तो पोलीस ठाण्यात ढसाढसा रडत कबुली देतो, समाप्त.

घरातल्या आणि ऑफिसातल्या वाचकांनी सातव्या प्रकरणातच खुनी ओळखला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हा मेला मदतीला फारच धावतो गं." मधली शंभरेक पानं नुसत्या चौकश्या आहेत, तिथे सगळे पेंगतात. भाषेवरून हात फिरवायला घेतला तर पहिली तीन प्रकरणं चकाचक झाली आणि पुढे गाडी हलेना. सुरुवात कुठून करायची असते? पहिली सात प्रकरणं ज्यांना वाचायची असतील त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लिंक देते.

पारसिक_बोगदा
खुनी इथेच सांगून टाकलात, आता पुस्तक कोण घेणार? :)
बाकी लिहीत राहा, पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

खोडरबर
ताई, अभिनंदन आधी. खर्डा पूर्ण करणारे फार थोडे असतात.

मी ठाण्यात मुद्रितशोधन आणि संपादनाचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पहिल्या कादंबऱ्यांत पहिली तीन प्रकरणं आरशासारखी लख्ख आणि पुढे सगळा राडारोडा असतो. भाषेला आत्ता हात लावू नका. उद्या प्रकरण दुसरं अख्खं उडवावं लागलं तर त्यावर घासलेली वाक्यं जिवावर येतात, आणि मग ती वाचवण्यासाठी माणूस नको ते प्रकरण ठेवतो.

आधी एक काम करा. कादंबरी बाजूला ठेवा आणि खुन्याची रोजनिशी लिहा. कादंबरीत छापायची नाही, फक्त तुमच्यासाठी. त्या रात्री तो कुठून निघाला, काय खाल्लं, कोणाला फोन केला, गाडी कुठे लावली, प्रेत एकट्याने कसं उचललं, घरी बायकोला काय सांगितलं. रहस्यकथेत दोन गोष्टी एकदम चालू असतात: जे घडलं ते, आणि ते ज्या क्रमाने उघडकीला येतं ते. नवा लेखक दुसरी तेवढी लिहितो आणि पहिली डोक्यात आहे असं धरून चालतो. ती डोक्यात नसते. मग मृणालबाईंना अचानक 'आतून जाणवतं' आणि त्या बरोबर घरी पोहोचतात. हे 'जाणवणं' तुमच्या खर्ड्यात किती ठिकाणी आहे ते शोधा. तिथे तिथे भोक आहे.

खुनी ओळखू आला त्याचं कारण तुमच्या काकूंनी अचूक सांगितलं. टायपिंगवाल्याला कथेत दुसरं कामच नाही, म्हणून वाचक विचारतो की हा इथे कशाला? त्याला लपवायला जाऊ नका, लपवलेला माणूस जास्त दिसतो. उलट त्याला खरं काम द्या. पोलिसांना त्याच्याशिवाय कागद वाचता येऊ नयेत अशी वेळ आणा.

काळा_कोट
सात प्रकरणं वाचली. वेग चांगला आहे. पण एफआयआरमध्ये तुम्ही भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लावलंय, ते चालणार नाही.

नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा लागतो, म्हणजे २८ जूनच्या खुनाला जुन्या भारतीय दंडविधानाचं (भादंवि) कलम ३०२ आणि पुरावा नष्ट केल्याचं २०१. मात्र गुन्हा १ जुलैला नोंदवला जातोय, म्हणून नोंदणी आणि तपासाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, कलम १७३. एकाच कागदावर जुनं कलम आणि नवी पद्धत! तारीख तुम्ही ठरवून निवडली असेल तर सलाम, नसेल तरी बदलू नका. नव्या कायद्याचा पहिला दिवस आणि दारात खून, एवढं आयतं नाट्य कोणाला मिळतं?

आता मोठा मुद्दा. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. दंडाधिकाऱ्यांसमोर रीतसर नोंदवली तर गोष्ट वेगळी. त्यामुळे 'रडत कबुली दिली, समाप्त' हा माझ्यासारख्या वाचकाला शेवट वाटतच नाही, मी पुढचं पान शोधत बसतो. पण आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरतात. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता साक्ष्य अधिनियमात कलम २३ चं परंतुक. तुमचा शेवट रडण्यात नको, वस्तू सापडण्यात हवा. तो पंचांसमोर पोलिसांना कुठे घेऊन जातो? जमिनीखालून, माळ्यावरून काय काढून देतो?

चष्मिष
मी थोडं वेगळं बोलणार, रागावू नका. रहस्यकथा मी खंडीभर वाचते आणि आजवर एकदाही कलम तपासलेलं नाही. मला माणसं हवीत आणि रात्री झोप उडायला हवी. हे सगळं ऐकून ताई कादंबरीचं आरोपपत्र करून ठेवतील.

काळा_कोट
कलम छापा असं मी कुठे म्हटलं? चुकीचं छापू नका म्हटलं.

खोडरबर
चष्मिषताईंचं म्हणणं रास्त आहे. बरोबर माहिती पानावर दिसलीच पाहिजे असं नाही. पण ती बरोबर असली की त्यातून प्रसंग निघतात. कबुलीचंच बघा. ती चालत नाही हे मृणालला माहीत आहे, खुन्याला माहीत नाही. आता तोच रडण्याचा प्रसंग पुन्हा डोळ्यासमोर आणा. तो मोकळा झाला म्हणून रडतोय आणि ती घड्याळ बघतेय, कारण अटकेपासून चोवीस तासांत त्याला न्यायालयात उभं करायचंय आणि हातात वस्तू काहीच नाही.

खारी_हवा
मी दिव्याची, माहेर ऐरोली गाव. धागा वाचून राहवलं नाही.

अगं बाय, २८ जूनच्या रात्री अष्टमी होती, ज्येष्ठ वद्य अष्टमी. कॅलेंडर काढून बघ. आमच्याकडे लहान पोराला पण हिशेब येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, आणि बाराच्या आसपास सुकती, पूर्ण ओहोटी. आत ठाण्याच्या बाजूला पाणी थोडं उशिरा चढतं-उतरतं, पण फार फरक नाही. त्यात अष्टमीचा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी आधीच मरगळलेलं. तुझा खुनी साडेबाराला प्रेत टाकायला गेला तर समोर पाणी नाही, गाळ. मांडीपर्यंत रुतेल. प्रेत जिथल्या तिथे बसेल.

आणि पाणी चढायला लागलं तरी ते समुद्राकडे नेत नाही. भरती आत येते, ऐरोलीकडून विटावा-कळव्याकडे. म्हणजे तुझं प्रेत विटाव्याला सापडलं ते बरोबरच आहे, फक्त तुला कारण माहीत नव्हतं. अष्टमीनंतर अमावास्येपर्यंत पाणी रोज थोडं थोडं जास्त चढत जातं. दोन रात्री गाळात अडकलेलं प्रेत फुगणार, आणि चढत्या पाण्याने सुटून वर सरकणार. १ जुलैला दशमी, भरती साडेसातच्या सुमाराला. सकाळीच सापडलं ना? जमलं.

अजून एक. ओहोटीला खाडी सुनसान असते हे शहरातल्या माणसाचं डोकं. बॅटरी घेऊन चिंबोऱ्या धरायला माणसं ओहोटीलाच उतरतात.

पारसिक_बोगदा
पंचांग न बघता खून करणारा खुनी! घाटावरचा असणार.

दुपारची_पाळी
खारी_हवाताई, तुमच्या पायाची धूळ कुठे मिळेल? मला वाटलं होतं भरतीचा तक्ता इंटरनेटवर बघून एक वाक्य बदलावं लागेल. इथे तर साक्षीदार मिळाला!

चष्मिष, तुमचा मुद्दा डोक्यात आहे. तिथीचं गणित मृणाल वाचकाला शिकवत बसणार नाही. चिंबोऱ्यावाला एका वाक्यात सांगेल आणि तिचं तोंड उघडं राहील.

पण काळा कोट साहेब, कबुलीचा प्रसंग मी काढणार नाही. तो लिहिताना मला स्वतःला रडू आलं होतं. शेवटून दुसरा करते.

ठाणे_अंमलदार_नि.
निवृत्त झालो, सवय गेली नाही, म्हणून काही शंका.

विटावा ठाणे शहर पोलिसांकडे. दिघा, ऐरोली नवी मुंबईकडे, आणि १९९४ पासून ते आयुक्तालय स्वतंत्र आहे. तुमच्या मृणाल मॅडम ऐरोलीच्या बाजूच्या. मग विटाव्याचं प्रेत त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी कसं आलं? प्रेत ज्या हद्दीत मिळालं तिथे आधी अकस्मात मृत्यूची नोंद, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन. घातपात दिसला की गुन्हा, आणि घटनास्थळ पलीकडचं निघालं की कागद तिकडे वर्ग. मृणाल मॅडमकडे त्या वेळी फक्त एक मिसिंगची तक्रार असेल. बायको नवरा हरवला म्हणून आली असेल. तिला तुमच्या हवालदाराने 'चोवीस तासांनी या' असं सांगितलंय, तसा काही नियम नाही. मग एका बाजूला नावाशिवाय प्रेत, दुसऱ्या बाजूला प्रेताशिवाय नाव, आणि मध्ये नाका. अशा वेळी कोणाचा फोन कोणाला जातो, ओळखीचा जुना माणूस कोण, यावर तपास हलतो.

खुनाचा तपास सहसा पीआय दर्जाचा अधिकारी करतो. पीएसआय पळापळ करतो आणि श्रेय वर जातं. हे लिहा, खरं वाटेल.

चौथ्या प्रकरणात मॅडम मोबाईल कंपनीतल्या मित्राकडून पाच मिनिटांत सीडीआर (फोन कॉल्सची नोंद) मागवतात. वरिष्ठांच्या मार्फत मागणी जाते, मग येतो. शिवाय टॉवरवरून परिसर कळतो, बिल्डिंगचा मजला कळत नाही. खाडीकाठचा फोन कधी पलीकडच्या मुलुंड-भांडुपचा टॉवरही पकडतो.

आणि पावसाळ्यात तीन दिवस गाळात-पाण्यात राहिलेल्या प्रेतावरून डॉक्टर 'मृत्यू रात्री साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान' असं सांगणार नाहीत. वेळ तुम्हाला माणसांकडूनच काढावी लागेल.

चष्मिष
हद्दीचा भाग मला आवडला, हे कबूल करते. न्यायालयात चालेल का माहीत नाही.

दुपारची_पाळी
:) सगळं टिपून घेतलं. आता एक उतारा देते, पाचव्या प्रकरणाची सुरुवात. हवी तेवढी चिरफाड करा.

"मृणालने प्रेताकडे पाहिलं आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं. कोण असेल हा नराधम? का केला असेल त्याने हा खून? आकाशात काळेकुट्ट ढग दाटून आले होते, जणू निसर्गही या क्रूर कृत्याचा निषेध करत होता. प्रेताच्या खिशात एक भिजलेला कागद होता. तो स्टँप पेपर असावा, असं तिला वाटलं."

खोडरबर
काटा, काहूर, नराधम, निसर्गाचा निषेध. हे सगळं तुम्ही लिहिलेलं नाही, ते हाताला सवयीने आलंय. मृणाल पोलीस आहे, प्रेत बघून तिला पहिला प्रश्न 'कोण असेल हा नराधम' पडणार नाही. पाय कुठे ठेवू, हा पडेल. मी असं करीन:

"मृणालने बूट काढून रस्त्यावरच ठेवले आणि पँट दुमडून तिवरांत उतरली. विटाव्याचा हवालदार आधीच गुडघाभर चिखलात उभा होता. 'मॅडम, हद्द आमची आहे,' तो म्हणाला, पण हात पुढे केला. प्रेताच्या शर्टाच्या खिशात कागदाचा लगदा होता. हवालदार तो काढायला गेला तशी ती म्हणाली, 'थांबा. पंच येऊ द्या, आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करा. आजपासून सक्ती आहे.' 'कसली?' हवालदाराने विचारलं. लगद्याच्या कडेला स्टँप पेपरची नक्षी अजून दिसत होती."

बघा, एकही भावना नाव घेऊन सांगितलेली नाही. हद्द, १ जुलै, कागद, तिन्ही आले. वाचक कागदापेक्षा हवालदाराकडे जास्त बघतोय, म्हणजे दुवा समोर असून डोळ्यांआड आहे. दुवा लपवायचा तर तो भांडणाच्या नाही तर विनोदाच्या शेजारी ठेवावा, एकट्याला स्वतंत्र वाक्य देऊन अधोरेखित करू नये. तुमच्या मूळ उताऱ्यात तो शेवटी एकटा उभा होता.

तुमची मृणाल थोडी वेगळी असेल तर शब्द बदला. माझी वाक्यं उचलू नका.

ठाणे_अंमलदार_नि.
झडतीचं, जप्तीचं चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे. बरोबर आहे. हवालदाराचा 'कसली?' तर अगदी बरोबर.

खारी_हवा
मला खुनाचं कारण पटत नाही. टायपिंगवाल्याचे दलालाकडे पैसे अडकले म्हणून खून? आमच्याकडे पैशावरून बोलाचाली होते, मारामारी होते. पण जमिनीच्या कागदावर खरं विष असतं. जमीन गेली त्याचा मोबदला म्हणून साडेबारा टक्के विकसित भूखंड. त्यासाठी १९८४ साली जासईला गोळीबार झाला, माणसं गेली. भूखंड नावावर व्हायची वेळ येते तेव्हा वारसांत बहिणी पण असतात. भाऊ म्हणतात, साडीचोळी घे आणि हक्कसोडीवर सही कर. काही करतात. एखादी नाही म्हणते, आणि मग तिला गणपतीत माहेर बंद होतं. तुझ्या कादंबरीत अशी बहीण नाही हेच मला खटकलं. शंभर पानं चौकश्या आहेत म्हणतेस, त्यात बाई एकच, दलालाची बायको, आणि ती नुसती रडते.

काळा_कोट
खारी_हवा, मान गये. त्यात माझी भर: अशा जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, आणि नोंदणीच्या वेळी फोटो काढतात, अंगठ्याचा ठसा घेतात. नुसती खोटी सही करून भागत नाही, तोतया बहीण उभी करावी लागते. म्हणजे कुठेतरी एक बाई आहे, जिने थोड्या पैशांसाठी दुसरीच्या नावाने फोटो काढून घेतला, आणि तो फोटो सरकारी नोंदीत बसलाय. दलाल मेल्यावर तिची झोप उडाली असणार. कागद टायपिंगवाल्याने तयार केला, बाईही त्यानेच आणली. खऱ्या बहिणीने नक्कल काढली आणि स्वतःच्या नावासमोर परकं तोंड पाहिलं, तिथून सगळं फिरलं.

चष्मिष
परकं तोंड!! हे प्रकरण मी रात्री वाचणार नाही. किंवा रात्रीच वाचीन.

पारसिक_बोगदा
आता गंभीर होतो, सात प्रकरणं मीही वाचली. सहाव्यात २०१९ च्या फ्लॅशबॅकमध्ये साक्षीदार दिघा गाव स्टेशनवर उतरतो. ते स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याला ऐरोलीला उतरवा आणि रिक्षा करून द्या, बिचारा.

दुपारची_पाळी
रिक्षा मंजूर.

मंडळी, काल सुट्टी टाकून खुन्याची रोजनिशी लिहायला बसले. टायपिंगवाला गाळातून चालू शकत नाही, त्याने प्रेत काठावरून ढकललं आणि चप्पल रुतली म्हणून एका पायाने घरी गेला, हे मला लिहिता लिहिता कळलं. चौकश्यांच्या बारा प्रकरणांतली सात जाणार. त्या जागी तोतया बाई येईल. तिला नाव दिलंय, ऐरोलीत पोळ्या करायला चार घरी जाते. त्यातलं एक घर मृणालचं असावं का, यावर अडले आहे. फार योगायोग वाटेल?

खोडरबर
योगायोगाने अडचण वाढत असेल तर वाचक चालवून घेतो. योगायोगाने गुन्हा सुटला तर पुस्तक भिरकावतो. ती मृणालच्या घरी येते, फौजदारीणबाई घरात म्हणून घाबरून काम सोडते, आणि मृणाल फक्त 'बाई न सांगता गेली' म्हणून वैतागते, इथपर्यंत ठेवा. ओळख पटायचा रस्ता नोंदणीच्या फोटोवरून दुसरीकडूनच येऊ दे.

आणि ही बाई पहिल्या तीन प्रकरणांतच दिसायला हवी. म्हणजे ती चकाचक प्रकरणं उघडावी लागणार. म्हणून म्हणत होतो.

दुपारची_पाळी
उघडते. दात-ओठ खाऊन उघडते.

एक शेवटचं. एका प्रकाशकांनी खर्डा न वाचताच 'संपादन, छपाई, प्रसिद्धी मिळून एवढे एवढे भरा' असं कळवलंय. भरावेत का?

खोडरबर
न वाचता जो रक्कम सांगतो तो संपादन करणार नाही, टाइपसेटिंग करील. पैसे द्यायचेच असतील तर आधी दहा पानांचं नमुना संपादन मागा. नुसते ऱ्हस्व-दीर्घ सुधारून आले तर ते मुद्रितशोधन झालं, ते शेवटी लागतंच, पण तुम्हाला आत्ता ते नकोय. समासात 'हिला हे कसं कळलं?' असे प्रश्न लिहून आले तर माणूस कामाचा. आणि शब्द कमी करा. छपाई सोळा पानी फर्म्याने मोजतात, वाढलेली पानं किमतीत दिसतात, आणि नव्या लेखकाचं जाडजूड पुस्तक दुकानात हातात धरून लोक परत ठेवतात.

खारी_हवा
पोळीवाल्या बाईचा खर्डा झाला की मला पाठव. आणि तिच्या तोंडी आमची भाषा घालणार असशील तर आधी मला फोन कर, मालिकेतल्यासारखी नको.

दुपारची_पाळी
व्यनि केलाय, बघा.